खाड्यांचा हिशेब

आमच्या घरात आजोबांविषयी एक मत ठाम होते. माणूस चांगला, पण नोकरीत मन नसलेला. "बाबांनी उमेदीची वर्षं खाडे करण्यात घालवली, नाहीतर लालबागला आपली स्वतःची खोली असती," असे माझी आत्या नेहमी म्हणे. आजोबा संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावातून १९३६ साली मुंबईत आले, परळच्या एका कापड गिरणीत लागले आणि १९७६ साली त्याच गिरणीतून निवृत्त झाले. चाळीस वर्षे एका गिरणीत काढणाऱ्या माणसाचे नोकरीत मन नव्हते, या विधानातली विसंगती आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावरची ट्रंक माझ्याकडे आली. तीत सत्यनारायणाच्या पोथीखाली दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा होता. ती आजोबांची बदली कार्डे होती. एका महिन्याला एक कार्ड, आणि त्यावर तारखांची घरे. दहा-बारा घरांत आकडे, बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी नुसती बारीक रेघ. आत्याचे म्हणणे खरेच होते, असे मला पहिल्या नजरेत वाटले. महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस हा माणूस कामावरच नव्हता!

पुढे आमच्या जुन्या शेजाऱ्यांना मी ती कार्डे दाखवली. ते गिरणीतच टाइमकीपर होते. त्यांनी चष्मा लावून पहिलेच कार्ड पाहिले आणि म्हणाले, "अरे, रेघ म्हणजे खाडा नव्हे. आकडा म्हणजे त्या दिवशी मिळालेल्या साच्याचा नंबर. रेघ म्हणजे माणूस सकाळी दारावर आला, हजेरी दिली, पण काम मिळालं नाही. खाडा असेल तिथं घर कोरं राहतं."

त्या रात्री मी १९३८ सालची बारा कार्डे मोजली. आजोबा २६८ दिवस गिरणीच्या दारावर हजर होते. काम मिळाले १२१ दिवस. कोरी घरे थोडी होती, आणि त्यांतली बहुतेक जून-जुलैतली, म्हणजे लावणीच्या दिवसांतली.

या लेखाची सुरुवात त्या मोजणीतून झाली. कामगाराची कामावर निष्ठा आहे की नाही, हे आपण सहसा त्याच्या स्वभावावरून ठरवतो. पण काम ज्या पद्धतीने आखलेले असते, ती आखणीच निष्ठा निर्माण करते किंवा मोडते का? गिरणगावाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. मी ते शोधायचे ठरवले.

तक्रार जुनी आहे

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेवला ती सुरू झाली. तेव्हापासून मालकांची एक तक्रार कायम राहिली: इथला कामगार मुळात शेतकरी आहे, त्याचा जीव गावात अडकलेला आहे, तो गिरणीत टिकत नाही. १९०८ सालच्या फॅक्टरी कामगार आयोगापुढे मालकांनी सांगितले की मजूर सारखे यंत्र सोडून बाहेर जातात, विडी ओढतात, जेवतात, अंघोळ करतात, हातपाय पसरतात. आयोगाने तेही नोंदवले आणि कामाचे तासही नोंदवले. विजेचे दिवे आल्यानंतर काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत. प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने, अकरा तासांची १९२२ मध्ये आणि दहा तासांची १९३४ मध्ये. चौदा तास दमट, कोंदट खात्यात उभा राहणारा माणूस मधूनमधून बाहेर जाणारच. तशी सवड न देता त्याला उभे ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून गिरण्या लागतात त्याहून अधिक माणसे ठेवत आणि ही ये-जा चालवून घेत. ज्याला मालक बेशिस्त म्हणत होते, त्यावरच त्यांच्या लांबलचक पाळ्या उभ्या होत्या.

१९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात वेगळा सूर लावला. माणसे शहराच्या ओढीने येत नाहीत, गाव त्यांना बाहेर ढकलते, असे कमिशनने म्हटले. शिवाय गावाशी असलेला दुवा ही कामगाराची जमेची बाजू आहे, तो तोडू नये, उलट त्याला नियमित रूप द्यावे, अशी शिफारस केली. आजोबांच्या कार्डांवरची जून-जुलैची कोरी घरे मला या शिफारशीच्या उजेडात निराळी दिसू लागली.

तरी पुढे १९५० च्या दशकात अमेरिकन विद्वानांनी भारतासारख्या देशांविषयी लिहिताना 'कामगारांची बांधिलकी' हा मोठा विषय केला. चार्ल्स मायर्स यांचे भारतातील कामगार प्रश्नावरचे पुस्तक १९५८ सालचे. भारतीय कामगार कारखान्याशी अर्धवटच बांधलेला आहे, असा या चर्चेचा सर्वसाधारण कल होता. त्याला खणखणीत उत्तर दिले मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी, १९६५ साली, आणि तेही मुंबईच्या गिरण्यांचीच कागदपत्रे तपासून. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मुंबईला माणसांची टंचाई कधीच फारशी भासली नाही, कामगार अस्थिर होता असे जे म्हटले जाते, ते त्याच्या मानसिकतेपेक्षा मालकांनी स्वीकारलेल्या पद्धतीतून आले. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात हा विचार आणखी पुढे नेला. बाजारात मागणी वर-खाली होई, तेव्हा हवी तेवढीच माणसे हव्या त्या दिवशी घेता यावीत, ही मालकांची गरज होती. बदली कामगार हे त्या गरजेचे अपत्य.

दारावरचा माणूस

बदलीची पद्धत अशी. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी दारावरच्या गर्दीतून कोणाला तरी आत घ्यायचे. कोणाला, हे जॉबर ठरवी. जॉबर साचे दुरुस्त करी, माणसे भरती करी, रजा देई, आणि या सगळ्याची दस्तुरीही घेई. रॉयल कमिशनने जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घ्यावा असे सुचवले. त्यानंतर १९३५ साली मुंबईत बदली नियंत्रण योजना आली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. आजोबांची कार्डे याच योजनेतली.

योजनेने जॉबरची मनमानी थोडी कमी केली असेल, पण कामाची आखणी तीच राहिली. बदली कामगाराला आज या साच्यावर, उद्या त्या साच्यावर उभे राहावे लागे. १९३८ च्या कार्डांवर मला साच्यांचे ५४ वेगवेगळे नंबर सापडले. प्रत्येक साच्याची स्वतःची खोड असते. कुठे धोटा उडतो, कुठे ताण्याची तार सारखी तुटते. ती खोड कळेपर्यंत पाळी संपते. विणकराचा पगार कापडावर, म्हणजे नगावर. अनोळखी साच्यावर कापड कमी निघणार, निघाले तर त्यात डाग-दोष राहणार. खराब झालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची पद्धत त्या काळी होती आणि १९२० च्या दशकातल्या कामगारांच्या गाऱ्हाण्यांत ती ठळकपणे येते.

म्हणजे दिवस मिळाला तरी कमाईची खात्री नाही, आणि दुसऱ्या दिवशी काम मिळेल याचीही नाही. अशा माणसाने पाट्या टाकल्या तर नवल नाही. आजोबा रोज दारावर जात राहिले, याचे मला नवल वाटते.

आखणीतली जात

काम कसे आखले आहे, याचा एक दुसरा परिणाम आमच्या घराला भोगावा लागला नाही, म्हणून आमच्या घरात त्याचा कधी उल्लेखही झाला नाही. साचे खात्यात पगार बरा होता, पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. त्याला कारण सांगितले जाई ते एका छोट्या क्रियेचे. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि दोऱ्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार म्हणून सवर्ण विणकरांचा विरोध. त्यामुळे दलित कामगार कमी पगाराच्या रिंग खात्यासारख्या खात्यांत अडकून पडले.

१९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. साचे खाते दलितांना खुले करण्याची मागणी कामगारांच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमचे लोक संपात का राहतील, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. मागणी घेतली गेली, पण नाखुशीने. स्वतःच दोरा ओवून घेणारा धोटा अमेरिकेतल्या नॉर्थ्रप साच्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला होता. म्हणजे अडचण यंत्रविद्येची नव्हती. तोंडाने दोरा ओढण्याची रीत जातीला सोयीची होती आणि मालकाला स्वस्त पडत होती, म्हणून ती टिकली. कोणाची निष्ठा किती हे मोजण्याआधी कोणाला कोणत्या कामापर्यंत पोचू दिले, हे विचारायला हवे. आजोबांना मिळालेल्या प्रत्येक साच्याच्या नंबराआड हा प्रश्न आहे, हे मला फार उशिरा समजले.

तीन साचे

१९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. त्या संपातूनच डांगे, निमकर, मिरजकर, जोगळेकर यांची गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावट्याची युनियन, उभी राहिली. संपाच्या मुळाशी पगारकपात होती तशीच 'रॅशनलायझेशन'ही होती. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवायचे, कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या.

मालकांचे गणित सरळ होते. लँकशायरचा विणकर चार-सहा साचे चालवतो, मग मुंबईचा दोनच का? कामगारांचे उत्तरही सरळ होते. सूत हलके, तारा सारख्या तुटतात, साचे जुने. तिसरा साचा आला की तिसऱ्या माणसाची भाकरी जाते, आणि उरलेल्याचा जीव तीन ठिकाणी धावतो. हे वाद पुढे फॉसेट समितीपुढे गेले. १९२९ च्या तिच्या अहवालात आकड्यांचा कीस काढलेला दिसतो. दोन्ही बाजू साच्यांच्या संख्येवर भांडत होत्या. साच्यांभोवतीची माणसे एकमेकांशी कशी जोडली जावीत, हा प्रश्न त्या वादात कोणी विचारला नाही. तो विचारला गेला पंचवीस वर्षांनी, अहमदाबादेत.

अहमदाबादचा प्रयोग

१९५३ साली अहमदाबाद मुंबई राज्यातच होते. तिथल्या साराभाई कुटुंबाच्या कॅलिको गिरण्यांत नवे स्वयंचलित साचे बसले होते, तरी उत्पादन अपेक्षेइतके नव्हते आणि खराब कापडाचे प्रमाण मोठे होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस सल्लागार म्हणून आले. याच संस्थेच्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली इंग्लंडच्या कोळसाखाणींवर एक निबंध लिहिला होता. बॅमफर्थ स्वतः खाणीत काम केलेले. लहान टोळ्या मोडून, काम तीन पाळ्यांत तुकडे-तुकडे करून वाटल्यावर नवी यंत्रे असूनही खाणकामगारांचे मन कसे उडाले आणि गैरहजेरी कशी वाढली, हे त्यांनी दाखवले होते.

राइस यांना अहमदाबादेत तोच नमुना दिसला. दोनशेहून अधिक साचे, तीसेक कामगार आणि डझनभर प्रकारची कामे. एक विणकर चोवीस ते बत्तीस साचे पाही. कांड्या भरणारा चाळीस-पन्नास साचे पाही. तुटलेला ताणा सांधणारा त्याहून अधिक. तेलवाला, झाडूवाला, कापड वाहणारा यांचे टापू आणखी निराळे. एकाच साच्याशी इतक्या जणांचा संबंध, पण कोणत्याही दोघांचा टापू एक नाही. कापड बिघडले तर ते कोणाचे? सगळ्यांचे, म्हणजे कोणाचेच नाही. विणकराला गरज असे तेव्हा ताणा सांधणारा दुसऱ्या कोणाच्या तरी साच्यावर असे.

राइस यांनी सुचवले की सात जणांचा एक गट करावा आणि त्याला चौसष्ट साचे सोपवावेत. गटाने कामे आपसांत वाटून घ्यावीत आणि गटाचा प्रमुख आतलाच असावा. ही कल्पना मांडली आणि पुढचे कोणाच्या अंदाजातच नव्हते. कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती तिथेच उचलली आणि गट स्वतःच पाडले. कोणाबरोबर कोण, हेही त्यांनीच ठरवले. पहिल्या दिवसांत उत्पादन वाढले, पण खराबीही वाढली. मग घडी बसली. सुमारे साठ कामाच्या दिवसांनंतर कार्यक्षमता सरासरी ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि खराबी ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. साचे तेच होते, छप्पर तेच होते.

या प्रयोगाचे कौतुक जितके झाले तितकी शंकाही घेतली गेली, आणि ती रास्त आहे. नव्या पद्धतीबरोबर मोबदल्याची रचनाही बदलली होती. मग फरक पैशाने पडला की गटाने? सतत लक्ष ठेवणारे पाहुणे खात्यात असले की कोणीही जरा सावरून काम करतो, तेही खरेच. म्हणून मला राइस यांच्या आकड्यांपेक्षा एरिक मिलर यांची पाहणी अधिक मोलाची वाटते. ते १९७० साली पुन्हा कॅलिकोत गेले. एका ठिकाणी गटपद्धत सोळा वर्षांनंतरही जवळजवळ जशीच्या तशी चालू होती आणि कामही त्याच दर्जाचे होते. इतर ठिकाणी ती कमी-अधिक घसरून जुन्या वळणावर गेली होती. म्हणजे चांगली आखणी एकदा करून भागत नाही. ती रोज जपावी लागते. नाहीतर बाजार, वरिष्ठ आणि घाई तिला हळूहळू पोखरतात.

मनाचे तीन धागे

पुढे या विषयाचे शास्त्र झाले. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाचे पाच गुण सांगितले: कामात विविध कौशल्ये लागावीत, एखादी वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून व्हावी, तिचे इतरांच्या लेखी महत्त्व असावे, कसे करायचे हे ठरवण्याची मोकळीक असावी, आणि काम बरे झाले की वाईट हे कामातूनच कळावे. मेयर आणि ॲलन यांनी १९९१ साली बांधिलकीचे तीन धागे वेगळे केले. माणूस कामावर टिकतो तो ओढीने, किंवा सोडले तर नुकसान होईल म्हणून, किंवा सोडणे बरे नव्हे या भावनेने.

ही चौकट कार्डांवर ठेवून पाहिली तर बदली कामगाराच्या वाट्याला पहिला धागा येणेच अवघड होते. ५४ साच्यांपैकी कोणता आपला? बाहेरून मात्र दुसरा धागा घट्ट होता, कारण रोज दारावर गेले नाही तर पुढच्या महिन्याचे कार्ड जाईल. ज्या हजेरीला निष्ठा म्हणावे ती अशी जबरीचीही असू शकते, हे मान्य केले पाहिजे. आजोबांच्या २६८ दिवसांना मी एकदम निष्ठेचे प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

पण १९४२ नंतर कार्डे संपतात. महायुद्धात कापडाची मागणी वाढली, पाळ्या वाढल्या आणि आजोबा कायम झाले. त्यांना दोन साचे मिळाले, रोज तेच. मला आठवतात ते आजोबा त्यानंतरचे. बोलताना ते "माझे साचे" म्हणत. सुट्टीवरून परतले की बदलीवाल्याने साच्याचे काय करून ठेवले, यावर दोन दिवस कुरकुरत. तो बदलीवाला म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचे ते स्वतःच, हे त्यांना कधी जाणवले की नाही, कोण जाणे. पुढे त्यांच्याकडे चार साचे आले. पगार वाढला आणि त्याला त्यांनी नाही म्हटले नाही. ओढ आणि पगार यांत निवड करायची पाळी आली तर घर चालवणारा माणूस काय निवडेल, हे उघड आहे. फक्त ती निवड त्याच्यावर लादणारी आखणी माणसांनीच केलेली असते, हे विसरू नये.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातही बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. आजोबा त्याआधीच वर्षभर गेले. आता गिरण्या नाहीत, पण मोबाइलवर 'आज काम आहे का' हे पाहत नाक्यावर उभी असलेली मुले मी रोज पाहतो. त्यांनाही टिकत नाहीत, मन नाही, असेच म्हटले जाते.

मी आत्याला सगळे सांगितले. तिचे वय चौऱ्याऐंशी. तिने कार्ड हातात घेतले, रेघांवरून बोट फिरवले आणि विचारले, "मग बाबांनी आईला हे कधी सांगितलं कसं नाही?"

याचे उत्तर माझ्याकडे अंदाजापुरतेच आहे. रोज सकाळी डबा घेऊन जायचे, दारावर उभे राहायचे आणि 'नको' ऐकून परत फिरायचे. घरी येऊन "मला घेतलं नाही" म्हणण्यापेक्षा "आज गेलो नाही" म्हणणे त्यांना सोपे वाटले असावे. खाडा करणारा माणूस निदान स्वतःच्या मर्जीचा तरी असतो.

आत्याने कार्डे पुन्हा दोऱ्याने बांधली. खोलीचा विषय त्यानंतर तिने काढलेला नाही.